मिसरच्या माणसाचं पान

"वायट झाला हो रूबेनभाव. तुमच्यातलो गेलो मां?"

दत्ताराम सावंत खालच्या मजल्यावरचा शेजारी, लालबागच्या गिरणीतून रात्रपाळी करून नुकताच परतलेला. एका हातात दुधाच्या बाटल्या, काखेत पेपर. रूबेन नवगावकर पिशवी घेऊन जिना उतरत होता तो मधल्याच पायरीवर थबकला. तुमच्यातला गेला. म्हणजे शलोमचं कळलं. आठ वर्षं घरानं ज्या बातमीची वाट बघितली ती अशी जिन्यात, सकाळी सकाळी, बाटल्यांच्या खणखणाटात आणि मालवणीतून येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तार येईल, वकिलातीतून कुणी कोट घातलेला माणूस येईल, गेलाबाजार पोस्टमन तरी येईल, असं काहीतरी त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. आणि मग पापणी लवायच्या आत त्याच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. खांदे खाली आले. सुटलो, असं आत कुणीतरी म्हणालं, आणि तो आवाज त्याचाच होता. तोवर दत्तारामनं बाटल्या पायरीवर ठेवून पेपर उघडला होता. पहिल्या पानावर फोटो होता. सावळा चेहरा, मिशी, छातीभर पदकं. "ह्यो बघा. परेड बघत बसलो होतो, नि गोळ्ये घातल्यानी." इजिप्तचे अध्यक्ष सादात. रूबेननं मथळा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्याला समजलं की आपण निराश झालो आहोत, आणि मग त्याला स्वतःची शिसारी आली.

"हा आमच्यातला नव्हे, सावंत. मुसलमान होता. मिसरचा अध्यक्ष."

"असां? मगे तुमची आई नळार रडा होती ती? म्हणान इचारलंय."

पंतनगरच्या त्या हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत बेने इस्रायलांचं हे एकच घर. आम्ही ना ख्रिश्चन, ना मुसलमान, आम्ही ज्यू, दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याला आमचं गलबत फुटलं, तिथून आम्ही इथलेच, हे सगळं दत्तारामला समजावून सांगण्यात बरीच वर्षं गेली होती. इतक्या वर्षांनंतर दत्तारामच्या डोक्यात पक्कं बसलं होतं ते एवढंच की ह्या लोकांचा एक देश लांब कुठंतरी वाळवंटात आहे, तिथं सारखी मारामारी चालते, आणि ह्यांचा थोरला तिथं गेला तो आलाच नाही. त्या मानानं त्याची चूक फार मोठी नव्हती. त्या भागात कुणी मेला की ह्यांचाच असणार. रूबेन "बघतो" म्हणाला आणि खाली उतरला, पण काय बघणार होता ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

तो प्रार्थनालयाकडे निघाला होता. दुसऱ्या दिवशी दार फाळणीचा सण, म्हणजे किप्पुरचा उपास, पांढरे कपडे, दिवसभर प्रार्थना, कुणाला शिवायचं नाही. आणि आज आदला दिवस, गेलेल्यांचा. आज घरातले मेलेले लोक घरी येतात, त्यांच्यासाठी पुऱ्या, घाऱ्या, कलेजी करून पान वाढायचं, आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी ते परत जातात असं जुनी माणसं मानतात. रूबेन मानत नव्हता. विक्रोळीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी करणाऱ्या माणसानं, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत रेघ काटेकोर ओढणाऱ्यानं, मेलेल्या बापाला पुऱ्या कशा वाढाव्यात? पण प्रार्थना चालवणाऱ्या हझानकडून कोंबडी कापून आणायचं काम त्याचं होतं आणि अर्धा दिवस रजा टाकून तो दरवर्षी ते करी. आज चालता चालता तो तीन ठिकाणी उगाच थांबला. एकदा पानाच्या गादीपाशी, पान खात नसताना. सुटलो. हा शब्द दाताच्या फटीत अडकलेल्या सुपारीसारखा तिथंच होता, जीभ सारखी तिकडे जात होती. मग त्यानं स्वतःशी वाद घातला. माणूस मेला नव्हता, म्हणजे मेल्याचं कळलं नव्हतं, म्हणजे मेल्याचं कळलं असं वाटून बरं वाटलं तरी त्यात त्याच्या मरणाचं बरं वाटलं असं नव्हे, कळण्याचं बरं वाटलं. हे वकिली होतं. त्याला ते पटलं नाही.

शलोम त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, ते वारले तेव्हा शलोम तेरा पुरा झाला होता, म्हणजे धर्माच्या हिशेबात मोठा. बापासाठी कद्दिश म्हणायची, ती मेलेल्यामागे म्हणायची प्रार्थना, ते काम त्याच्याकडे आलं. वर्षभर रोज सकाळी तो प्रार्थनालयात उभा राहून ती अडखळत म्हणायचा आणि आजूबाजूची म्हातारी माणसं जागोजाग आमेन म्हणायची. घरी परतताना तो एकदम मोठ्या माणसासारखा भाजी घ्यायचा. रूबेनला तो धाकट्या बापासारखाच आठवायचा, भाऊ म्हणून आठवायला फारसं काही नव्हतंच. बावीस वर्षांचा होऊन तो इस्रायलला गेला, बीरशेब्याला कापडाच्या कारखान्यात लागला. इथं गिरणी, तिथंही गिरणी, मग विमानाचं तिकीट कशाला काढलंस, असं आई त्याला चिडवायची. त्र्याहत्तर साली, नेमका दार फाळणीच्या दिवशी, मिसरच्या फौजेनं कालवा ओलांडला. कालव्याकाठच्या एका चौकीवर शलोम होता. पहिल्या दोन दिवसांत ती चौकी गेली. मग कळलं ते एवढंच, की बेपत्ता. कैदी सुटून आले त्यांत तो नव्हता, मेलेले सापडले त्यांतही नव्हता. हझान म्हणाले, पुरावा नाही तोवर सुतक नाही, कद्दिश नाही, काही नाही. आई म्हणाली, पुरावा नाही म्हणजे तो आहे. दोघं आपापल्या परीनं एकच बोलत होते आणि त्या दोघांच्या मध्ये घर तसंच उभं राहिलं होतं, उभ्याउभ्या पाय दुखावेत तसं.

आणि रूबेनचं लग्न. मोठ्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं नाही, हे आईनं एकदाच सांगितलं होतं, पुन्हा सांगायची वेळच आली नाही. ठाण्याच्या डायनाच्या घरचे दोन वर्षं थांबले. चांगली माणसं. मग त्यांनी तिला अश्दोदच्या एका मुलाला दिली आणि लग्नाचा मलिदा आईनंच जाऊन करून दिला, गोड पोह्यांत नारळ कालवताना ती छान गात होती. तेव्हा रूबेनला राग आला नव्हता. राग नंतर आला, पुष्कळ नंतर, एकदा आईनं शलोमचे लोकरी मोजे उन्हात घातलेले पाहून, आणि मोज्यांवर किती रागावणार.

त्यातून हा सादात. चार वर्षांपूर्वी तो विमानात बसून जेरुसलेमला आला तेव्हा आई रेडिओला कान लावून बसली होती. बातम्या संपल्यावर तिनं एलियाहू नबीच्या नावानं मलिदा केला आणि इमारतीत सगळ्यांना वाटला. दत्तारामच्या बायकोनं विचारलं, पोरगी बघितलात काय रूबेनसाठी? तह झाला. मावसभावानं बीरशेब्याहून कळवलं की आता मिसरवाल्यांच्या परवानगीनं आपली माणसं वाळू उकरून हरवलेल्यांचा शोध घेतायत, बरेच सापडले. तेव्हापासून आईच्या मनानं घेतलं की तो परत देणार. धोब्याकडे राहिलेला कपडा नाव सांगून परत घेता येतो तसं काहीसं तिच्या डोक्यात असावं. "तो देईल रे," ती म्हणायची, भाजी निवडताना, एकदम, मध्येच. "शब्दाचा माणूस आहे." ह्यात शलोम चालत येणार होता की कसा येणार होता, ते ती कधी बोलली नाही आणि रूबेननं कधी विचारलं नाही.

कोंबडी घेऊन तो परतला तेव्हा आई ओट्याशी उभी होती. मिल्काबाई साठीची, काटक, नऊवारी सोडून पाचवारी नेसायला लागून बरीच वर्षं झालेली, पण पदर अजून कासोट्यासारखाच घट्ट खोचणारी. तिच्या पोलक्याचा गळा उजव्या बाजूनं फाटला होता. आधी त्याला वाटलं खिळ्याला अडकलं असेल. मग त्याच्या लक्षात आलं की फाटलेलं नाही, फाडलेलं आहे, बोटभर, सरळ खाली, मयताच्या बातमीवर आपल्यात फाडतात तसं.

"आई, हे काय?"

"रात्री रेडिओवर सांगितलं. तू झोपला होतास."

"त्याच्यासाठी पोलकं फाडलंस? तो आपला कोण?"

"जुनंच होतं," आई म्हणाली, आणि कोंबडी धुवायला घेतली.

तिन्हीसांजेच्या आधी तिनं पानं वाढली. दरवर्षी एक पान असे, बाबांचं, खिडकीखाली पाटावर. ह्या वर्षी तिनं दोन पाट मांडले. रूबेन दारातून बघत होता. दुसरं पान. शेवटी तिनं मानलं. आपल्याला न सांगता, त्या मिसरच्या माणसाच्या मरणाचा धक्का बसून का होईना, तिनं शलोमला मेलेल्यांत बसवलं. त्याला रडू येईल असं वाटलं. आई वाकून दुसऱ्या पानावर दोन घाऱ्या ठेवत होती, बाबांच्या पानावरच्या घाऱ्यांपेक्षा मोठ्या. तिनं कलेजीची वाटी उचलली, थोडा विचार केला, आणि म्हणाली, "त्यांच्यात आपण कापलेलं चालतं ना रे? मुसलमानांना?"

रूबेनला आधी बोधच झाला नाही. मग झाला. तो म्हणाला, "आई, हे पान कुणाचं?"

"मिसरच्या माणसाचं. त्याच्या घरी कोण वाढणार, त्यांच्यात हा दिवस नसतो. काल गेला, आज कुठं जाईल बिचारा?"

"आणि शलोमचं?"

आईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. "शलोमचं पान कशाला? तो काय मेलाय?"

तेव्हा त्याचं डोकं फिरलं. त्यानं आवाज चढवला, सणाच्या आदल्या दिवशी चढवू नये तेवढा. तो म्हणाला, लढाई त्यानंच सुरू केली, आई. ह्याच सणाच्या दिवशी, ह्याच माणसानं हुकूम दिला, पूल टाका, कालवा ओलांडा, चौक्या जाळा, आणि काल तो मेला तो त्याच विजयाची परेड बघताना मेला. समजतंय का तुला? आपण दर पेसहच्या सणाला म्हणतो की मिसरच्या गुलामीतून सुटलो, आणि तू मिसरच्या राजाला घाऱ्या वाढतेस! तो बोलत असताना त्याचं त्यालाच ऐकू येत होतं की हे भाषण चांगलं आहे, बिनतोड आहे, आणि त्यामुळे त्याला अधिकच अस्वस्थ वाटलं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक नाही होय? सगळं ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर त्याच्यावर माझी मदार. ज्यानं नेलं त्यालाच ठाऊक कुठं ठेवलंय. तोच आणून देणार. दुसरा कोण देईल?" आणि वाटी दुसऱ्या पानावर ठेवून ती उठली. "आता देणारा राहिला नाही," असं ती पाठमोरी म्हणाली. ती ते स्वतःशी म्हणाली की त्याला, हे त्याला कळलं नाही.

उपासाच्या दिवशी प्रार्थनालयात दुसरं बोलणंच नव्हतं. घाटकोपर, कुर्ला, मुलुंडकडची मिळून पन्नास-साठ घरं, एका इमारतीचा तळमजला आणि पुढे फरसबंद अंगण, एवढं त्यांचं प्रार्थनालय. त्याचे मुकादम, म्हणजे जमातीचे प्रमुख, इलायजा काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, सभा म्हटली की अंगात येणारे. जाहीर शोकसभा घ्यायची असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. ज्यानं आपल्याशी दोस्ती केली त्याच्यासाठी मुंबईतले ज्यू रडले हे लोकांना दिसलं पाहिजे, पेपरात आलं पाहिजे, वकिलातीला ठराव गेला पाहिजे. फक्त आत्ता नाही. आत्ता उपास, मग मांडवाचा सण, सणात शोक बंद. सण संपल्यावरच्या पहिल्या रविवारी. आई बायकांच्या बाजूनं उठून आली आणि म्हणाली, मयताला कुणी तिष्ठत ठेवतं का? काका म्हणाले, मिल्काबाई, नियम आहे. "सणापुढे आपला सख्खा मेला तरी सुतक थांबतं." आई परत जाऊन बसली. काकांनी मग रूबेनला बाजूला घेतलं. त्यांच्या तोंडाला उपासाचा वास येत होता. "बघ, तू पाच मिनिटं बोलायचंस. मराठीत. लोकांना कळू दे ना, ज्याचा भाऊ त्या लढाईत... तोच शोक करतोय. म्हणजे काय इम्प्रेशन पडेल, यार!" त्या 'यार'नं रूबेन इतका गोंधळला की हो म्हणून बसला.

पुढचे दिवस वाईट गेले. मांडवाच्या सणात आनंद करायचा असतो, आणि आई तो करत होती. मांडवात जाऊन बसत होती, लिंबू हातात घेत होती, सगळं रीतीप्रमाणे. पण घरी आल्यावर ती खाटेवर बसत नसे. सुतकात बसतात तशी जमिनीवर चटई टाकून बसे, आणि रूबेननं विचारलं की म्हणे, गार वाटतं. पोलकं तिनं बदललं होतं, फाटकं शिवलं मात्र नव्हतं. ऑफिसात रूबेनच्या रेघा बिघडायला लागल्या. एका कपलिंगच्या ड्रॉइंगवर त्यानं मापं लिहिलीच नाहीत, नुसताच आकार काढून पाठवला, तो खालच्या वर्कशॉपातून परत आला. संध्याकाळी तो घरी न जाता हायवे ओलांडून खाडीच्या बाजूला, मिठागरांकडे भटकत राही. पाणी आटत चाललेली खाचरं, कडेला पांढरी खपली, पायाखाली कुरकुर. इथं माणूस पुरला तर सापडेल का, असा विचार त्याला आला, आणि मग तो त्याच विचाराशी घुटमळत राहिला. वाळूत माणूस किती खोल जातो? आठ वर्षांत वाळू किती सरकते? हे त्याला मोजता आलं असतं, निदान अंदाज बांधता आला असता, आणि कधी बांधला नव्हता हे त्याच्या ध्यानात आलं. भाषणाची पहिली ओळ तो रोज जुळवी. आज आपण इथं जमलो आहोत ते. आज आपण. पुढे गाडी जात नसे. जिन्यातला तो एक क्षण मध्ये येई. त्या माणसाच्या मरणाच्या बातमीनं आपल्याला आधी सुख झालं आणि मग निराशा, मग शोक कोणत्या तोंडानं करायचा? आणि आई. आई खरंच शोक करत होती, त्यात तसूभर खोट नव्हती, आणि ती चुकीच्या माणसाचा करत होती. चुकीच्या की बरोबर? अंधार पडला की डासांचे थवे उठत आणि तो परत फिरे.

रविवारी अंगणात भाड्याच्या लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे टेबलावर सादातचा फोटो, मासिकातून कापून काचेत बसवलेला, आणि फोटोला झेंडूचा भलामोठा हार. हार पाहून इलायजा काकांचा रक्तदाब वाढला. आपल्यात फोटोला हार घालतात होय? कुणी घातला? हार दत्तारामनं आणला होता, खास दादरहून, आणि तो स्वच्छ पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत अवघडून बसला होता. "काढा म्हणालात तर काढतंय," तो रूबेनला म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला होता. "पण मोकळो फोटो बरो दिसाना नाय हो." काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि हार राहू दिला, मेला तो ज्यू नव्हता, हार घालणारा ज्यू नव्हता, तेव्हा धर्म बुडत नाही असा त्यांनी निवाडा दिला. नगरसेवक उशिरा आले आणि आपल्या ज्यू बांधवांचा थोर नेता हरपला असं बोलून, चहा न घेता गेले. कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. पेपरचा फोटोग्राफर आला नाहीच.

रूबेन बोलायला उभा राहिला तेव्हा आई पहिल्या रांगेत होती. काकांनीच तिला तिथं बसवलं होतं. तिनं तेच फाटकं पोलकं घातलं होतं आणि पदरानं गळा झाकला नव्हता. तो म्हणाला, "ज्यानं लढाई केली त्यानंच तह केला. असं फार थोड्यांना जमतं. माझ्या आईला त्याच्याकडून फार आशा होती." मग थांबला. लोक वाट बघत होते. "एवढंच," तो म्हणाला आणि बसला. टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते कुणाला कळेना. काकांनी घाईनं ठराव वाचला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले, बाहेर रस्त्यावर रिक्षावाला कुणाला तरी हिंदीत शिव्या देत होता, त्या सगळ्यांनी मान खाली घालून ऐकल्या.

मग हझाननी तेहिल्लीममधलं स्तोत्र म्हटलं. स्तोत्रानंतर रिवाजाप्रमाणे कद्दिश. त्यासाठी सुतकातलं कुणी तरी उठायला हवं, ज्याचं माणूस वर्षाच्या आत गेलंय असं. हझाननी पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं, "कद्दिश कोण म्हणणार?" कुणी उठलं नाही. त्या वर्षी जमातीत कुणी गेलं नव्हतं, देवाची कृपा. ज्याच्यासाठी सभा होती त्याची मुलं त्यांच्या देशात. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. हे त्यांच्या कार्यक्रमात धरलेलं नव्हतं. हझान पुस्तक मिटणार तोच आई खुर्चीवरून उठली.

"रूबेन म्हणेल."

त्या घरातून कद्दिश होत नाही हे जमातीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. हझान म्हातारे, सावध, त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कोणासाठी, मिल्काबाई?"

"दोघांसाठी," आई म्हणाली.

ती पुन्हा बसली नाही. खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली. कुणीतरी मराठी अक्षरांत छापलेला कद्दिशचा कागद रूबेनपुढे धरला. त्यानं हात पुढे केला नाही, त्याला तो दिसलाच नाही. तो टेबलाशी गेला, पूर्वेकडे तोंड केलं, आणि क्षणभर त्याच्या मनात आलं की आता आपल्याला जमणार नाही, सगळ्यांदेखत. तसं झालं नाही. यितगद्दल वेयितकद्दश, तो म्हणाला, आणि पुढचे शब्द आपण होऊन आले, एकामागून एक, कुठं थांबायचं, कुठं लोकांच्या आमेनसाठी जागा सोडायची, कुठं वाकायचं, सगळं. ते शब्द त्यानं कधी बसून पाठ केले नव्हते. पण ह्या अंगणाच्या आत दर शनिवारी कुणी ना कुणी आपल्या बापासाठी, बायकोसाठी उभं राहायचं, आणि रूबेन बाकावर बसल्या जागी, ओठ न हलवता, त्याच्याबरोबर ते म्हणायचा. दर खेपेला दुसऱ्याच्या मयताच्या आडून. आज पहिल्यांदा तो ते स्वतःच्या आवाजात ऐकत होता आणि त्याला ते अतिशय आवडत होतं, लाज वाटावी इतकं. शलोम, तो मनात म्हणाला, शलोम, शलोम, आणि त्याला भाऊ आठवला, भाजीची पिशवी नव्हे, कारखाना नव्हे, रूबेनच्या पाठीवर पावडर थापून हसणारा एक भाऊ, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं तरी आवाज हलला नाही. शेवटचा आमेन सगळ्यांनी मिळून म्हटला. मागून दत्तारामनंही म्हटला, थोडा उशिरा.

लोक येऊन त्याचा हात हातात घेऊन गेले. काका रडत होते, अगदी खरे. आईला बायकांनी घेरलं होतं आणि ती सगळ्यांशी शांतपणे बोलत होती. रूबेनला वाटलं, झालं. संपलं. ह्या माणसाच्या मरणानं आमचं घर सोडवलं. आता घरी जाऊन तो शलोमची रिकामी खाट भिंतीशी सरकवील, मोजे कुणाला तरी देऊन टाकील. त्याला भूक लागली.

घरी जाताना आईनं त्याचं कोपर धरलं होतं. स्टेशनकडून येणारी गर्दी चुकवत ती दोघं कडेकडेनं चालत होती.

"छान म्हटलंस," ती मग म्हणाली. "कुठं अडखळला नाहीस."

"हं."

"शलोमला बाबांच्या वेळी कागद लागायचा. पुष्कळ दिवस. तरी चुकायचा."

रूबेन चालत राहिला. आईची पकड त्याच्या कोपरावर तशीच होती.

"तुझ्या हातात कागद नव्हता."

"नव्हता."

"केव्हा शिकलास रे?"

सारखं कानावर पडतं, येतं आपोआप, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या घशात अजून कद्दिश होती आणि तिच्यावरून खोटं उतरेना.

"लढाईनंतर पहिल्याच वर्षी," तो म्हणाला.

आई थांबली. तिनं त्याच्या कोपरावरचा हात काढून घेतला आणि पदर नीट केला, फाटक्या गळ्यावरून, पहिल्यांदाच. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. घरातलं रॉकेल संपलं हे सांगावं तशी ती म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं त्या घरात मी एकटीच वाट बघत होते."

मग तिनं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि त्याची वाट न बघता रस्ता ओलांडला.